येतो म्हणाले

घरातून निघताना 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं, हे लवू परबला कुणी मुद्दाम शिकवलं नव्हतं. आपल्याकडे ते कुणालाच शिकवावं लागत नाही. माणूस कोपऱ्यावरच्या वाण्याकडे निघालेला असो की दुबईला, उंबऱ्यात चपला घालताना तो 'येतो' म्हणणार. परत यायचा विचार आहे की नाही, ह्याचा त्या शब्दाशी काही संबंध नसतो. मयताच्या घरून उठताना तेवढं काही न बोलता निघतात. इतकी साधी गोष्ट. पण शहाऐंशी सालच्या दसऱ्याआधीचा महिना लवूने ह्या एका शब्दावर काढला, आणि पुढे जे झालं त्यात दोष कुणाचा म्हणाल तर निम्म्याहून जास्त त्याचाच होता.

लवू अंधेरीला, एस. व्ही. रोडवरच्या सुप्रभात मोटर्समध्ये सेल्समन होता. शर्टाच्या खिशावर 'एल. जी. परब' अशी पट्टी, गळ्यात निळा टाय. मरोळच्या चाळीतून निघताना टाय खिशात असायचा. शोरूमच्या मागच्या आरशासमोर उभा राहून तो गळ्यात घालायचा आणि संध्याकाळी तिथेच काढायचा. चाळीतून टाय लावून चालण्याइतका तो धीट नव्हता.

सत्त्याहत्तर साली तो नोकरीला लागला तेव्हा गाडी विकावी लागत नसे. फियाट हवी असेल तर नाव नोंदवायचं आणि वर्षानुवर्षं थांबायचं. नोंदवही लवूच्या टेबलावर. मोठमोठे डॉक्टर, वकील त्या टेबलापुढे उभे राहून विचारत, 'परबसाहेब, आमचा नंबर कितवा?' नंबर पुढे सरकवणं लवूच्या हातात मुळीच नव्हतं. पण लोकांना तसं वाटायचं, आणि लवूने त्यांचा गैरसमज कधी दूर केला नाही. आंब्याच्या दिवसांत त्याच्या घरी पेटी यायची. 'देवगडच्या माणसाक अंधेरीवाले आंबे देतत,' असं म्हणून त्याचे वडील, गिरणीत कामाला असलेले गुणाजी, पोट धरून हसायचे.

मग मारुती आली. छोटी, चकचकीत, हलकी. दोन-तीन वर्षांत सुप्रभातची नोंदवही वाळली, आणि ज्या लवूने सात वर्षं लोकांना 'थांबा' सांगितलं होतं, त्याला आता 'या, बसा, घ्या' म्हणायची वेळ आली. ते त्याने केलं. दार उघडायचं, हसायचं, थंड पेय मागवायचं, गाडीचं बॉनेट उघडून दाखवायचं, बाईंना मागच्या सीटवर बसवायचं, पुन्हा हसायचं. गिऱ्हाईक तासभर बसे, थंड हवा खाई आणि उठे. 'बरं आहे परब, येतो हं.' दार उघडून लवू हसत उभा. दार लागलं की त्याचे गाल दुखायचे. गाल दुखतात हे डॉक्टरला तरी काय सांगणार?

शोरूममध्ये दुसरा सेल्समन होता श्यामसुंदर प्रधान. मुलुंडहून यायचा, लवूपेक्षा आठ-नऊ वर्षांनी लहान, जिभेने तिखट. त्याची बायको कुंदा सहा महिन्यांची गरोदर होती. दोघं दुपारी एका डब्यात जेवत.

गणपती झाले आणि मालकांनी नवा सेल्स मॅनेजर आणला. चंद्रप्रकाश सक्सेना, मूळचे कानपूरचे. माणूस वाईट नव्हता. पोटात अल्सर होता, म्हणून दिवसभर थंड दूध प्यायचे, आणि इथली नोकरी किती टिकेल ह्याची खात्री नसल्यामुळे बायकामुलं कानपूरलाच ठेवली होती. पहिल्याच दिवशी त्यांनी दोघांना समोर बसवून सरळ सांगितलं, 'देखो भाई, दशहरे के बाद यहाँ एक ही टेबल रहेगा. किसका, यह आप दोनों के काम पर है.' असं म्हणताना त्यांनी नजर चुकवली नाही, हे लवूला आवडलं.

सक्सेनांनी एक नवं रजिस्टर सुरू केलं. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, आणि शेवटच्या रकान्यात 'जाते वक्त क्या बोला'. हा रकाना त्यांच्या खास डोक्यातून निघालेला होता. 'आदमी अंदर बैठकर कुछ भी बोले,' ते म्हणाले, 'दरवाज़े पर आकर सच बोलता है.'

कानपूरला खरंच तसं होत असेल. अंधेरीला नव्हतं होत.

पहिल्या दिवशी लवूच्या मनात खरंच काही नव्हतं. जोगेश्वरीचे एक गृहस्थ आले, बसले, उठले. लवूने रकान्यात इंग्रजीत लिहिलं, 'विल कम'. येतो म्हणाले होते, ते लिहिलं. संध्याकाळी सक्सेनांचं बोट त्या रकान्यावर थांबलं. 'व्हेरी गुड, परबजी. आएंगे बोला?' लवूने तोंड उघडलं. एका वाक्यात सांगता आलं असतं. त्याने तोंड मिटलं आणि मान हलवली.

त्यानंतर रोज 'विल कम'. खोटं एक अक्षर नाही. जो उठला तो येतो म्हणाला, आणि जो म्हणाला त्याचं नाव लवूने लिहिलं. गुजराती गिऱ्हाईक 'आवजो' म्हणालं तेही त्याने त्याच खात्यात घातलं. श्यामसुंदर मात्र आपल्या पानावर इंग्रजीत लिहायचा, 'नुसतं बघायला आला', 'मारुती बुक केलीय', 'एसीत बसायला आला'.

'लव्या, तू काय लिहितोस रे हे?' एकदा जेवताना श्यामसुंदरने विचारलं. 'येतो तर सगळेच म्हणतात ना.'

'म्हणाले तेच लिहिलं.'

श्यामसुंदरने त्याच्याकडे पाहिलं, पोळीचा तुकडा मोडला आणि म्हणाला, 'झकास.' पुढे तो ह्या विषयावर बोलला नाही. साहेबांकडे जाऊन चुगलीही केली नाही. केली असती तर लवूला बरं वाटलं असतं.

दसऱ्याला पंधरा दिवस उरले तेव्हा लवूच्या पानांवर एक्केचाळीस माणसं 'येणार' होती आणि श्यामसुंदरच्या पानावर एकही नाही. सक्सेना ते रजिस्टर घेऊन मालकांकडे गेले, आणि मालकांनी त्याच्या भरवशावर दसऱ्यासाठी सहा गाड्या मागवल्या. मग सक्सेनांनी श्यामसुंदरला आत बोलावलं. तो बाहेर आला, टेबलावरचे कागद सरळ केले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाला, 'वाट लागली यार, दसऱ्यानंतर सुट्टी. कुंदाला आत्ता सांगू की बाळंतपणानंतर?' लवूने त्याला चहा पाजला.

सक्सेनांनी लवूला हुकूम सोडला, एक्केचाळीस जणांच्या घरी जा, दसऱ्याचा मुहूर्त पक्का करून ये. लवू रोज दुपारी निघायचा. कुणी झोपेतून उठून दार उघडायचं, कुणी साखळीच्या फटीतून बोलायचं. मरोळ नाक्यावरचा एक कारखानदार तर त्याला ओळखेनाच. तरी लवूचं हसू चालू. बोरिवलीला विद्याधर कर्णिकांकडे मात्र त्याला खरी आशा होती. विमा कंपनीतले अधिकारी, तीन शनिवार बायकोला घेऊन आलेले. मृणालिनीबाईंनी सीटचं कापड दोन-दोनदा चाचपून पाहिलं होतं. 'येतो परब, नक्की येतो,' असं कर्णिक म्हणाले होते. 'नक्की' ह्या शब्दाला लवू आठवडाभर धरून बसला होता.

सोसायटीच्या आवारात लाल मारुती उभी होती. काचेवर कुंकवाचं स्वस्तिक, पुढे झेंडूचा हार, अजून न सुकलेला.

कर्णिकांनी दार उघडलं आणि ते ओशाळले. 'अहो परब! या, या ना. म्हणजे त्याचं काय झालं, हिच्या भावाचा नंबर होता, तो दुबईला चाललाय, तर तो म्हणाला...' मृणालिनीबाईंनी बशीत पेढा आणला. लवूने तो खाल्ला. गाडी छान आहे म्हणाला, रंग छान निवडलात म्हणाला, पहिली सर्व्हिसिंग चुकवू नका हेही सांगितलं. मग उठला, दारात बूट घातले आणि हसून म्हणाला, 'बरं आहे, येतो हं.'

जिना उतरताना मधल्या मजल्यावर तो थांबला. आपण ह्या घरात आयुष्यात पुन्हा येणार नाही. आणि तरी किती सहज म्हणालो. कर्णिकही असंच म्हणाले होते. त्यात फसवणूक कसली? फसवणूक आपण केली, तीही अशा माणसाची, ज्याला आपली भाषा येत नाही. तिथे कठड्याला टेकून उभं राहिल्यावर लवूला स्वतःची लाज वाटली. पण लाज वाटल्यावर माणूस लगेच सुधारतो असं थोडंच आहे? दुसऱ्या दिवशी सक्सेनांनी विचारलं, 'कर्णिक साब?' लवू म्हणाला, 'सोच रहे हैं, साब.' हे मात्र साफ खोटं होतं.

घरी तो बोलेनासा झाला. मुळात बोलका माणूस, संध्याकाळी येऊन शोरूममधल्या गिऱ्हाइकांच्या नकला करायचा. आता भिंतीला टेकून बसायचा. सुगंधा, त्याची बायको, काही विचारू लागली की शोरूममधलीच उत्तरं द्यायचा. 'हो, अवश्य.' 'नक्की बघू.' एकदा तिने विचारलं, रविवारी माझ्या बहिणीकडे घाटकोपरला जायचं ना? तर तो हसला. तेच दार उघडतानाचं हसू.

'मला गाडी नका विकू,' सुगंधा म्हणाली. 'नाही जायचं तर नाही म्हणा. पण असं हसू नका हो. भीती वाटते.'

त्याला काही म्हणायचं होतं. पण दिवसभर लोकांना दिल्यावर घरी द्यायला शब्दच उरत नव्हते, आणि हे सांगायलाही पुन्हा शब्दच लागले असते.

दसऱ्याला चार दिवस होते. सकाळी लवूने डबा घेतला, टाय खिशात घातला, बूट चढवले. सुगंधा मोरीपाशी भांडी विसळत होती. गुणाजी खाटेवर बसून बिडी पेटवत होते. लवू उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत म्हणाला,

'जातो.'

सुगंधाच्या हातातलं भांडं खाली पडलं. ती ओल्या हातांनीच दारात आली. 'अहो, काय बोललात?'

'काय?'

'आत्ता काय बोललात तुम्ही?'

लवूला खरंच कळलं नव्हतं. तिचा चेहरा पाहिला तेव्हा कळलं. वडिलांकडे पाहिलं. गुणाजींनी बिडी खाली ठेवली होती.

'मागे फिर, झिला,' ते हळू म्हणाले. 'हंय बस. सुगंधा, तेका पाणी दी.'

चूक झाली की अशीच दुरुस्त करतात. निघालेल्याने परत आत यायचं, टेकायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि नीट 'येतो' म्हणून पुन्हा निघायचं. लवू बूट घालूनच खाटेच्या कडेला बसला. पाणी प्यायला. सुगंधा आणि गुणाजी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

त्याने तोंड उघडलं, आणि शब्द येईना. महिनाभर रोज रकान्यात लिहिलेला, एक्केचाळीस वेळा विकून खाल्लेला शब्द. तो म्हटला तर बायकोलाही आपण तेच दिल्यासारखं होईल जे सक्सेनांना दिलं, असं त्याला वाटलं. तो ओठ हलवत बसला आणि मग एकदम रडायला लागला. छत्तीस वर्षांचा माणूस, मांडीवर जेवणाचा डबा घेऊन, मोठ्याने.

मग त्याने सगळं सांगितलं. रजिस्टर, रकाना, सहा गाड्या, श्यामसुंदर, कुंदा. शेवटी सुगंधा म्हणाली, 'आणि हे तुम्ही एकटे पोटात घेऊन बसलात?'

'गिरणीतसून शेवटचो निघालंय,' गुणाजी म्हणाले, 'तेव्हा लूमवरच्या काशीरामाक म्हटलंय, येतंय हां. दुसऱ्या दिवसापासून संप, गेट बंद. चार वर्षां झाली. नोकरी गेली तेचा काय नाय वाटणा. पण ता म्हटलेला तसाच रवला.' त्यांनी बिडी पुन्हा हातात घेतली. 'तू कोणाकव येतंय म्हण नायतर म्हणू नको. तुका सांजेक घराक येवचा आसा ना? मगे आमका म्हण.'

लवूने डोळे पुसले. 'येतो,' तो म्हणाला.

'या,' सुगंधा म्हणाली.

शोरूममध्ये शिरताच तो आरशाकडे न जाता सरळ सक्सेनांच्या केबिनमध्ये गेला. साहेब दुधाचा ग्लास हातात घेऊन रजिस्टर चाळत होते.

'साब, एक बात बतानी है. ये जो विल कम लिखा है ना, हमारे लोग येतो बोलते हैं. येतो का मतलब आऊंगा नहीं होता.'

'तो क्या होता है?'

'जाता हूँ.'

सक्सेनांनी रजिस्टरमधून डोकं वर काढलं. 'आऊंगा का मतलब, जाता हूँ?'

'हाँ साब. जाता हूँ बोलना अशुभ है, इसलिए. सब बोलते हैं. प्रधान ने जो लिखा है, वही सही है.'

'आपको कब से पता था?'

'पहले दिन से.'

साहेबांनी ग्लास खाली ठेवला, पोटावर हात दाबून धरला आणि पान उलटत त्या रकान्यावरून खालपर्यंत बोट फिरवलं. ते ओरडतील असं लवूला वाटलं होतं. ते म्हणाले, 'परबजी, मैंने मालिक को अपनी ज़बान दी है.' हे ओरडण्यापेक्षा वाईट होतं. 'माफ करो साब' एवढंच लवूच्या तोंडून निघालं.

दसऱ्याला सहा गाड्या ओळीने उभ्या होत्या. लवूने सगळ्यांच्या चाकांखाली लिंबं ठेवली, सगळ्यांना हार घातले. दोन गेल्या. एक श्यामसुंदरने विकली, वर्सोव्याच्या एका मच्छीच्या व्यापाऱ्याला, आणि दुसरी लवूने, जोगेश्वरीच्या त्या पहिल्याच गृहस्थांना. ते आले. एक्केचाळिसांतला एकच, पण आला. लवूने त्यांच्या गाडीपुढे नारळ फोडला तेव्हा त्याला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सक्सेनांनी त्याला पाकीट दिलं. टेबल श्यामसुंदरचं राहिलं. सहा गाड्यांचं उत्तर मालकांना द्यायला साहेब स्वतः संध्याकाळी जाणार होते. आपलं काय होईल हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. श्यामसुंदर लवूच्या पिशवीत त्याचा पेला आणि डायरी भरत होता, आणि तीच तीच डायरी दोनदा बाहेर काढून पुन्हा भरत होता.

'तू सांगायला नको होतंस, लव्या.'

'तू सांगायला हवं होतंस,' लवू म्हणाला. दोघांनाही हसू आलं, आणि ते लवूच्या गालांना दुखलं नाही.

दारापाशी सक्सेना उभे होते. आज दार त्यांनी उघडून धरलं होतं. 'परबजी, जाते वक्त वो नहीं बोलेंगे? येतो?'

लवूने क्षणभर विचार केला. खोटं लिहायचं होतं तेवढं लिहून झालं होतं. 'नाही साहेब,' तो मराठीतच म्हणाला. 'जातो.' सक्सेनांना ते बरोबर समजलं. त्यांनी त्याचा हात हातात घेतला आणि जरा जास्तच वेळ धरून ठेवला.

मरोळला तो उतरला तेव्हा तीन वाजले होते. चाळीच्या जिन्यात बायका तांदूळ निवडत बसल्या होत्या, त्यांनी मान वर करून पाहिलं. त्या काय बघताहेत हे त्याला खोलीच्या दारात आल्यावर कळलं. गळ्यात टाय तसाच होता.

सुगंधाने त्याच्या हातातली पिशवी पाहिली, तीतून डोकावणारा पेला पाहिला, आणि काय ते समजली. ती काही विचारायच्या आत गुणाजींनी खाटेवर कूस बदलली. ह्या वेळी पावलं कुणाची ते त्यांना उमगेना.

'कोण? लवू? इलंस?'

लवूने बूट काढले. नोकरी गेली होती, पुढचा महिना कसा जाईल हे त्याला माहीत नव्हतं, आणि छातीत भीती होतीच. तरी तोंडातून निघालेला शब्द त्याला स्वतःला खरा वाटला.

'आलो, बाबा,' तो म्हणाला.